फाइल-हस्तांतरण, प्रॉक्सीमार्फत

एका संगणकावरील फाइल संगणक-जालातून दुसऱ्या संगणकावर नेण्याच्या एका नियमसंहितेला ‘एफटीपी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. फाइल मागणारा संगणक आणि ती साठविणारा सर्व्हर यांच्यामध्ये ‘प्रॉक्सी’ म्हणजे मुखत्यार संगणक असल्यास हस्तांतरणाची रीत बदलते आणि ते घडवून आणणारी आज्ञावलीही निराळ्या प्रकारे लिहावी लागते. थेट संबंध गृहीत धरून रचलेली ही संहिता मध्यस्थाशी कशी जुळवून घेण्यात आली, हा या इतिहासाचा मुख्य विषय होय.

उगम : या संहितेचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी १६ एप्रिल १९७१ रोजी प्रसिद्ध केला. ते कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर असून त्या वेळी अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत होते. ऑक्टोबर १९८५ मध्ये जॉन पोस्टेल व जॉइस रेनल्ड्स यांनी संहितेला दीर्घकाळ प्रमाण ठरलेले रूप दिले. तीत दोन स्वतंत्र जोडण्या असतात : एकीवरून आज्ञा व उत्तरे, तर दुसरीवरून प्रत्यक्ष फाइल जाते. मूळ रीतीनुसार दुसरी जोडणी सर्व्हरच मागणाऱ्या संगणकाकडे उघडतो. सर्व संगणक परस्परांना थेट गाठू शकत, तोवर यात अडचण नव्हती.

जिल्हा पातळीवरील जाल : १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने १९८० नंतरच्या दशकात ‘निकनेट’ हे उपग्रहाधारित जाल उभारून जिल्हा मुख्यालये जोडली. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच समाविष्ट होता. तो १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. निकनेटचे मुख्य भूस्थानक दिल्लीस होते. अशा ताराकृती रचनेत भंडाऱ्याचा संदेश शेजारच्या नागपूरला जावयाचा असला, तरी तो आधी उपग्रहामार्फत दिल्लीस व तेथून पुन्हा उपग्रहामार्फत नागपूरला पोचतो. मध्यस्थावाचून व्यवहार नाही, ही स्थिती जिल्ह्याच्या ठिकाणी अशा रीतीने आरंभापासूनच होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तीही प्रथम महानगरांतच.

प्रॉक्सीचा उदय : १९९४ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधन-संस्थेतील वेब-सर्व्हरच्या आज्ञावलीस प्रॉक्सीची सोय जोडण्यात आली, आरी लुओटोनेन व केव्हिन आल्टिस यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रॉक्सीमुळे संस्थेतील अनेक संगणकांना एकच अरुंद वाहिनी वाटून वापरता येते. एकदा आणलेली फाइल प्रॉक्सीपाशी साठविली जाते व पुढील मागणीस तेथूनच देता येते. तसेच बाहेरून थेट येणाऱ्या जोडण्या रोखता येतात. मात्र त्याच कारणाने सर्व्हरने उघडावयाची दुसरी जोडणीही अडते. यावर उपाय म्हणून दोन्ही जोडण्या मागणाऱ्यानेच उघडाव्यात, अशी शिफारस स्टीव्हन बेलोविन यांनी फेब्रुवारी १९९४ मध्ये केली.

आज्ञावलीतील दोन मार्ग : पहिल्या मार्गात आज्ञावली प्रॉक्सीशी वेबच्या भाषेत बोलते. सर्व्हरचा संपूर्ण पत्ता लिहून ती ‘गेट’ ही विनंती पाठविते. सर्व्हरशी एफटीपीचा व्यवहार प्रॉक्सी स्वतः करतो व फाइल वेबच्या उत्तरात परत देतो. येथे एफटीपीच्या नेहमीच्या आज्ञा प्रॉक्सीस पाठविणे व्यर्थ ठरते, कारण वेब-प्रॉक्सीस त्या समजत नाहीत. या मार्गाने फाइल वाचता येते, पण चढविणे, नाव बदलणे किंवा पुसून टाकणे ही कामे सहसा साधत नाहीत. फाइलींची यादीही बहुधा वेब-पृष्ठाच्या रूपात येते व साध्या यादीची अपेक्षा करणारी आज्ञावली फसते. दुसऱ्या मार्गात ‘कनेक्ट’ या विनंतीने प्रॉक्सीतून एक भुयार खोदले जाते व त्यातून मूळ एफटीपी आज्ञा जातात. यासाठी दोन्ही जोडण्यांकरिता स्वतंत्र भुयारे लागतात. स्क्विड या प्रचलित प्रॉक्सीच्या मूळ मांडणीत अशी परवानगी सुरक्षित वेब-व्यवहाराच्या ४४३ क्रमांकाच्या द्वारापुरती असते. एफटीपीचे २१ क्रमांकाचे द्वार व्यवस्थापकाने उघडावे लागते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कर्ल’ या साधनात हे दोन्ही मार्ग उपलब्ध आहेत.

मर्यादा व उत्तरकाल : मूळ एफटीपीत परवलीचा शब्द उघड्या स्वरूपात जातो. पहिल्या मार्गात तो प्रॉक्सीच्याही हाती पडतो; म्हणून प्रॉक्सी चालविणाऱ्यावर विश्वास ठेवणे अपरिहार्य ठरते. सांकेतिक आवरणातील एफटीपीची संहिता २००५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अनेक ठिकाणी ‘एसएफटीपी’ ही निराळी पद्धती रूढ झाली. २०२१ मध्ये फायरफॉक्स व क्रोम या न्याहाळकांनी एफटीपीचा आधार काढून टाकला. स्वतंत्र आज्ञावलींत मात्र तिचा वापर टिकून आहे. कोणती फाइल मिळावी व कोणते द्वार उघडावे, हा निर्णय मागणारा आणि देणारा यांच्याकडून मधल्या संगणकाच्या व्यवस्थापकाकडे गेला, हा या साऱ्या स्थित्यंतराचा महत्त्वाचा परिणाम होय.