डेटाबेस सर्व्हर निरुत्तर झाल्यास

रेशन, वीजबिल, एक-चौदाचा उतारा अशा सेवांमागे डेटाबेस सर्व्हर असतो. तो निरुत्तर झाला म्हणजे बंद पडलाच असे नव्हे. प्रथम सर्व्हरच्याच यंत्रावरून जोडणी करून पाहावी. ती झाल्यास दोष नेटवर्क, फायरवॉल अथवा पोर्टमध्ये (पोस्टग्रेस ५४३२, मायएसक्यूएल ३३०६) शोधावा. जोडण्यांची मर्यादा संपली असल्यास निष्क्रिय जोडण्या सोडवाव्यात. मूळ मांडणीत ही मर्यादा पोस्टग्रेसमध्ये १००, मायएसक्यूएलमध्ये १५१ असते. जोडणी होऊनही उत्तर न आल्यास एखाद्या अपूर्ण व्यवहाराने नोंदी अडवून ठेवल्या आहेत काय, ते तपासून तेवढाच व्यवहार थांबवावा. डिस्क भरल्यास पोस्टग्रेसच्या व्यवहार-नोंदींच्या फाइली हाताने पुसू नयेत. त्यांत सर्व्हर कायमचा निकामी होण्याचा व नागरिकांच्या नोंदी गमावण्याचा धोका असतो. पुन्हा सुरू करण्यापूर्वी चालू जोडण्यांची स्थिती व लॉग जतन करावा. अन्यथा मूळ कारण अज्ञातच राहते.