बिंदुसरेच्या कांठचें बीड नगर

दिंद्रुड व आसपासच्या गांवांतून जिल्ह्याच्या कामास गेलेला मनुष्य बीड नगरांत कचेरी, दवाखाना आणि बाजार इतकेंच पाहून माघारी येतो. नगराच्या मधून वाहणाऱ्या बिंदुसरेकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें. परंतु या नगराची खरी हकीकत नदीच्या संगतीनेंच सांगितली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

बालाघाटच्या डोंगरांत उगम पावून बिंदुसरा बीडास येते व पुढें सिंदफणेस मिळते. सिंदफणा माजलगांव तालुक्यांत मंजरथ येथें गोदावरीच्या पोटांत शिरते. मात्र हा मुलूख कमी पावसाचा. उन्हाळ्यांत बिंदुसरेचें पात्र कोरडें पडतें. नदीकांठीं राहूनहि पाण्याची चिंता वाहणें हें या नगराच्या नशिबीं आलें, आणि त्याच चिंतेनें त्याचा स्वभाव घडविला.

पूर्वीं या नगरास चंपावती म्हणत. येथील कंकालेश्वराचें प्राचीन दगडी देऊळ पाण्याच्या कुंडाच्या मधोमध उभें आहे. पुढें सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या अमदानींत, सलाबतखानानें नगराबाहेर एक विहीर बांधविली. तिचे कारागीर राजा भास्कर होते, असें सांगतात. खजिन्याचा पैसा खर्ची पडला म्हणून तिला खजाना विहीर हें नांव पडलें, अशी लोकवार्ता आहे. भुयारी वाटेनें पाणी विहिरींत येतें आणि दुसऱ्या वाटांनीं उताराकडील शेतांस जातें. मोट नको, बैल नको. जमिनीचा उतारच सारें काम करितो. भर दुष्काळांतहि ती आटत नाहीं, अशी तिची ख्याति आहे.

सन 1948 मध्यें निजामी राजवट संपली. सन 1955 मध्यें पालीजवळ बिंदुसरेवर धरण झालें. परंतु ता. 23 जुलै 1989 रोजीं त्याच नदीस असा महापूर आला कीं, कांठच्या वस्त्या उद्ध्वस्त होऊन अनेकांचे प्राण गेले. कोरडें पात्र पाहून नदी मेली असें समजणारा मनुष्य फसतो, हें त्या दिवशीं नगरास कळलें.

वाचकहो, ज्यांनीं ती विहीर खणली ते केव्हांच गेले. त्यांनीं न पाहिलेल्या पिढ्या तिच्या पाण्यावर वाढल्या. आपल्या मागून येणाऱ्यांसाठीं आम्ही कोणतें पाणी राखून ठेवीत आहों, हा प्रश्न बिंदुसरेच्या पुलावर क्षणभर थांबून प्रत्येकानें स्वतःस विचारावा.