पद्मिनीच्या बॉनेटखाली: इंजिन बदलत जगलेल्या गाड्यांची गोष्ट

लोकलच्या गर्दीत हेडफोन लावूनही ज्यांना धड ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी ही या भागाची लिखित प्रत. बोलताना आलेले "म्हणजे बघा" आणि "बरं का" थोडे कमी केलेत, सगळे नाही.

आमच्या सानपाड्यात भलंमोठं कारशेड आहे आणि त्यात एकही कार नाही. तिथे लोकलचे रेक दुरुस्त होतात. कार बघायच्या असतील तर रविवारी सकाळी पाम बीच रोडला यायचं. तिथे आवाज करत जाणाऱ्या गाड्या बघून तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो: ते रील्समध्ये दाखवतात तसं इंजिन स्वॅप आपल्याकडे कधी आलं?

माझं उत्तर ऐकून गंमत वाटेल. ते रील्सच्या खूप आधी आलं. तुमच्या आजोबांनी ज्या फियाटमधून लग्नाची वरात काढली असेल, तिचं इंजिन कदाचित तेव्हाच दुसरं किंवा तिसरं असेल. तिकडे अमेरिकेत इंजिन बदलतात ते गाडी जास्त पळावी म्हणून. आपल्याकडे बदललं ते गाडी भंगारात जाऊ नये म्हणून. आणि प्रत्येक वेळी बदलामागे काहीतरी अडचण होती: कधी आयातबंदी, कधी पेट्रोलचा भाव, कधी कोर्टाचा आदेश. आजचा भाग त्या अडचणींचा इतिहास आहे.

कंपन्या गेल्या, गाड्या राहिल्या

१९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. सुटे भाग बोटीने यायचे, इथे जोडणी व्हायची. फोर्डही भारतात हेच करत होती. मुंबईच्या रस्त्यावर शेवरोले, डॉज, प्लायमाउथ अशा ऐसपैस अमेरिकन गाड्या दिसायच्या त्या अशाच.

स्वातंत्र्यानंतर सरकारने आधी तयार गाड्यांच्या आयातीवर बंदी घातली. मग १९५३ मध्ये सांगितलं की ज्यांना गाडी इथे बनवायची नाही, नुसती जोडायची आहे, त्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघीही गेल्या. गाड्या मात्र मालकांच्या दारात उभ्या राहिल्या. आता त्यांचे पिस्टन कोण देणार? बेअरिंग कुठून आणणार?

क्यूबाचे फोटो तुम्ही बघितले असतील. रंगीबेरंगी अमेरिकन गाड्या आणि आत रशियन इंजिनं. तिथे क्रांती आणि अमेरिकेची नाकेबंदी यामुळे ते झालं. आपल्याकडे कारण धोरणाचं होतं, पण गॅरेजमधला निकाल बराचसा सारखाच. मोठी पेट्रोल इंजिनं थकली की मालक जे मिळेल ते बसवायचे, अगदी ट्रक-टेम्पोच्या जातीचं डिझेलसुद्धा. बाहेरून शेवरोले, आवाज मात्र भाजीच्या टेम्पोचा.

कुर्ल्याची फियाट

जी कंपनी राहिली, ती आपल्या हार्बर लाइनवरचीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. सुरुवात क्रायस्लरच्या मदतीने डॉज आणि प्लायमाउथपासून झाली आणि १९५४ मध्ये फियाट ११०० आली. तीच पुढे नावं बदलत गेली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. त्याच सुमाराला, १९७३ मध्ये, वाशीचा पहिला खाडीपूल सुरू झाला होता. म्हणजे नवी मुंबई आणि पद्मिनी या जवळजवळ एका वयाच्या.

आता इथे एक महत्त्वाची गोष्ट. इटलीत फियाटने ही ११०० मालिका १९६९ मध्ये बंद केली. कुर्ल्यात तिचीच वंशज २००० सालापर्यंत बनत राहिली. इंजिन तेच, १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. गिअर स्टिअरिंगशेजारी. आपण याला मागासलेपण म्हणतो आणि ते खरंही आहे. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागायचं, मग कंपनीने सुधारणा कशाला करावी?

पण याच न बदलण्याने घरच्या दुरुस्तीला जन्म दिला. गाडी इतकी साधी आणि इतकी तीच ती होती की मालकाला निम्मी पाठ व्हायची. रविवारी सकाळी चाळीच्या किंवा सोसायटीच्या आवारात बॉनेट उघडायचं, पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, फीलर गेज घालून टॅपेट सेट करायचे, कार्बोरेटरचा जेट काढून फुंकायचा. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. त्यावर उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. हे कुठल्याही पुस्तकात न वाचता लोकांना माहीत होतं.

मोठं काम निघालं की गाडी मिस्त्रीकडे. गाडी ऑइल खाते, निळा धूर मारते, म्हणजे रिंग-पिस्टन गेले. मग बोअरिंग. सिलिंडर आतून कापून किंचित रुंद करायचा आणि मोठ्या मापाचा पिस्टन घालायचा. हे दोन-तीनदाच जमतं. मग धातूला जाडी उरत नाही, आत नवी स्लीव्ह ठोकावी लागते. ब्लॉकलाच तडा गेला तर? तर दुसरं इंजिन.

आणि दुसरं इंजिन कुठून यायचं? टॅक्सीतून! मुंबईत काळ्या-पिवळ्या फियाट हजारोंनी होत्या. एखादी टॅक्सी ठोकली किंवा भंगारात निघाली की तिचं इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या मालाच्या दुकानात यायचे. इंजिनाची जात तीच असल्यामुळे नंतरच्या टॅक्सीचं इंजिन आधीच्या घरगुती फियाटमध्ये फारशी कटकट न होता बसायचं. टॅक्सी मरायची आणि कुणाची तरी घरची गाडी जगायची.

पेट्रोल महागलं

१९७३ मध्ये जगभर तेलाचा भडका उडाला. आपल्याकडे पेट्रोल महाग होत गेलं, डिझेलचा भाव सरकारने खाली ठेवला. हिशोब सोपा होता. ज्याची गाडी रोज पळते, त्याला डिझेल हवं.

इथे आपल्याच जिल्ह्यांतल्या कारखान्यांनी माल पुरवला. पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर व्हॅन रस्त्यावर आली आणि तिचं डिझेल इंजिन अँबेसेडरमध्ये, जीपमध्ये जाऊ लागलं. महिंद्राने जीपसाठी फ्रान्सच्या पेजो कंपनीच्या परवान्याचं डिझेल इंजिन घेतलं. ते जुन्या पेट्रोल जीपच्या मालकांनीही बसवून घेतलं. पेट्रोलची जीप म्हणजे दारात हत्ती बांधल्यासारखी, तिला पोसणं परवडत नव्हतं.

इंजिन बदलणं म्हणजे एक उचललं आणि दुसरं ठेवलं, इतकं सोपं नसतं. तुर्भ्याकडे ट्रकांच्या गॅरेजमधल्या एका वयस्कर उस्तादांनी मला हे समजावलं. पहिली अडचण फाउंडेशनची, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या पकडींची. ती कापून नव्याने वेल्डिंग करायची. दुसरी, नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये लेथवर केलेली जाड प्लेट घालायची. ती केसभर तिरकी बसली तरी क्लच लवकर जातो. तिसरी, प्रोपेलर शाफ्ट लांब-आखूड करायचा आणि पुन्हा बॅलन्स करायचा. चौथी, डिझेल इंजिन जड असतं, मग पुढच्या स्प्रिंगा बसतात आणि ब्रेक मात्र जुन्या वजनाचेच राहतात. पाचवी, डिझेल कमी फेऱ्यांवर चालतं, त्यामुळे डिफरन्शियलचं प्रमाण न बदलता सोडलं तर गाडी ओरडते, पळत नाही.

मी विचारलं, "उस्ताद, हे सगळं कागदावर काढून ठेवलंय का कुठे?" ते हसले आणि म्हणाले, "कागद कशाला? हाताला माहीत आहे."

आणि कंपन्या तरी वेगळं काय करत होत्या? १९८५ मध्ये प्रीमियरने ११८ एनई आणली. बॉडी फियाट १२४ ची, इंजिन निसानचं. नावातला 'एनई' म्हणजेच निसान इंजिन! हिंदुस्थान मोटर्सने कॉन्टेसात आणि नंतर अँबेसेडरमध्ये जपानी इसुझूचं इंजिन घातलं. शेवटी शेवटी पद्मिनीही १३७ डी नावाने डिझेलवर आली, तेही इटालियन परवान्याचं इंजिन घेऊन. गॅरेजमध्ये केलं की जुगाड आणि कारखान्यात केलं की नवीन मॉडेल, एवढाच फरक.

धुराचा हिशोब

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती लपवली तर मी तुम्हाला नुसता गोड इतिहास विकतोय असं होईल. थकलेली इंजिनं आणि जुनी डिझेलं धूर ओकत होती आणि तो धूर मुंबईकरांच्या छातीत जात होता. 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम' या नागरिकांच्या मंचाने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २००० सालानंतर जुन्या टॅक्सी टप्प्याटप्प्याने सीएनजीवर गेल्या.

या वेळी इंजिन तेच राहिलं, इंधन बदललं. पद्मिनीच्या डिकीत गॅसचं सिलिंडर आलं आणि प्रवाशांच्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर गेल्या. पण एक दुखणं वाढलं. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. ते विषारी, पण वाल्व जिथे टेकतो त्या सीटवर त्याचा पातळ थर बसायचा आणि सीट वाचायची. २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, त्यात टॅक्सीत सीएनजी हे तर कोरडं इंधन. जुन्या हेडच्या सीट झिजू लागल्या, वाल्व आत बसू लागले, कॉम्प्रेशन पडू लागलं. उपाय पुन्हा लेथवाल्याकडेच होता: हेड उतरवायचं, जुनी सीट कापायची, कडक धातूची नवी सीट ठोकायची. मुंबईची हवा सुधारली त्यात कोर्टाचा वाटा मोठा आहे. पण तो आदेश रस्त्यावर उतरवला या न लिहिलेल्या हातांनी.

टॅक्सींना वयाची अटही लागली. आधी २५ वर्षं, मग २०. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. त्या आठवड्यात सगळ्यांनी स्टेटसला फोटो टाकले. मला मात्र वाटलं, घरगुती फियाटवाल्यांचा इंजिनांचा झरा आता आटला.

आता कायदा काय म्हणतो?

हा भाग नीट वाचा, कारण तुमच्यातल्या काहींच्या घरी अशी गाडी असेल. पूर्वी आरटीओची मंजुरी घेऊन इंजिन बदलता यायचं. २००० मध्ये मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कडक झालं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं: कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. सीएनजी किंवा बॅटरीवर गाडी नेणाऱ्या मंजूर किटला सवलत आहे. बाकी बेकायदा फेरफाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच जातीचं इंजिन बसवलं तरी त्याचा नंबर आरसीवर चढवून घ्या. आणि दिल्लीचा १०-१५ वर्षांचा नियम इथे लावू नका. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून खासगी गाडीची पुन्हा नोंदणी होते.

मग २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपातली, जिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, तिला नंबरप्लेटवर 'व्हीए' अशी खास अक्षरं. नियम चांगला आहे, चोरट्या आयातीला आणि बनावट 'अँटिक' गाड्यांना आळा बसतो.

पण जरा विचार करा. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीची झाली. तिच्यातली मूळ रूपात कोण राहिली असेल? जी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये चादरीखाली होती ती. जिने रोज माणसं वाहिली, दवाखाना गाठला, गावी गणपतीला नेलं, महागाईत डिझेल प्यायली, ती या व्याख्येत बसत नाही. आपण वारसा म्हणून जपतोय ती न वापरलेली गाडी. वापरलेल्या गाडीचा इतिहास उस्तादांच्या हातात आहे आणि ते हात आता सत्तरीला आलेत.

म्हणून या भागाचं एकच काम तुमच्याकडे. तुमच्या हातात कॅमेरावाला फोन आहे. घरात, गावात, शेजारी जुनी गाडी असेल तर तिचं इंजिन कधी बदललं, कुणी बदललं, का बदललं, हे विचारा आणि रेकॉर्ड करा. बोअरिंगची जुनी पावती असेल तर तिचा फोटो काढा. मिस्त्री काका अजून कामावर असतील तर त्यांना नमस्कार करून तासभर बसा, चहा सांगा आणि फाउंडेशन कसं बसवतात ते दाखवायला लावा. रेकॉर्डिंग मला पाठवलंत तर एक अख्खा भाग त्यांच्याच आवाजात करू.

पुढच्या भागात जाऊ वाशीच्या खाडीपुलावर, तो बांधला जाण्याआधी लोक खाडी कशी ओलांडायचे ते ऐकायला. तोवर गाडीचं ऑइल तपासा. भेटू!