मॉन्टे कॅसिनोला गेलात, तर खालच्या दफनभूमीतही जा

हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही, पण लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचायला चालेल, अशा सगळ्यांसाठी आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप.

इटलीला जाणारी आपली मंडळी साधारण काय करतात? रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, आणि पिसाचा मनोरा हाताने धरल्याचा फोटो. यात काही चूक नाही. पण रोम आणि नेपल्सच्या मध्ये कॅसिनो नावाचं एक शहर आहे. रोमच्या टर्मिनी स्टेशनवरून साधी रीजनल ट्रेन पकडली, तर दोनेक तासांत पोचता येतं. या शहराच्या डोक्यावर एक डोंगर आहे आणि डोंगराच्या माथ्यावर एक भलामोठा पांढराशुभ्र मठ. हाच मॉन्टे कॅसिनो. १९४४ च्या जानेवारी ते मे या काळात इथे एकामागून एक चार लढाया झाल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या सगळ्यात भयंकर लढायांमध्ये त्यांची गणना होते.

तिथे गेल्यावर पहिली भावना काय होते माहितीये? गोंधळ. कारण रणभूमी म्हणून दिसावं असं समोर काहीच नसतं. वळणावळणाच्या रस्त्याने वर जायचं, खांदे झाकलेले कपडे घालून मठात शिरायचं, आणि आत बघायचं तर स्वच्छ अंगणं, नीटनेटक्या कमानी, शांतता. संत बेनेडिक्टने हा मठ इ.स. ५२९ च्या सुमारास स्थापन केला असं मानतात. म्हणजे जागा जवळपास दीड हजार वर्षं जुनी. मग भिंती इतक्या नव्या का दिसतात? तर त्या नव्याच आहेत. जुना मठ १५ फेब्रुवारी १९४४ ला विमानांतून बाँब टाकून जमीनदोस्त केला गेला. आज दिसतो तो जुन्या नकाशाबरहुकूम परत बांधलेला मठ. पोप सहावे पॉल यांनी १९६४ मध्ये त्याचं पुन्हा अर्पण केलं.

आता एक काम करा. मठाच्या कठड्यापाशी उभे राहा आणि खाली बघा. लिरी नदीचं खोरं, त्यातून रोमकडे जाणारा रस्ता, खालचं शहर, सगळं तळहातावर असल्यासारखं दिसतं. ज्याने एकदा तरी राजगड किंवा सिंहगड चढलाय, त्याला इथे लेक्चर द्यायची गरज नाही. वर बसलेल्याला खालची हालचाल दिसते आणि खालच्याला फक्त चढ दिसतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हा सगळ्या सिस्टिमचा बॉटलनेक होता. दोस्त राष्ट्रांना दक्षिणेकडून रोमला जायचं होतं, जर्मनांनी इटलीच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत 'गुस्टाव्ह लाइन' नावाची बचावफळी उभारली होती, आणि रोमचा मुख्य रस्ता बरोबर या डोंगराच्या पायथ्याशी अडत होता.

मग मठ उडवला कोणी? इथून गोष्ट आपल्याजवळ येते.

जानेवारीत अमेरिकन सैन्याचा हल्ला फसला. फेब्रुवारीत ती जबाबदारी न्यूझीलंडच्या आणि आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनवर आली. या डिव्हिजनचा प्रमुख होता मेजर जनरल फ्रान्सिस टकर. त्याचं मत होतं की समोरून डोंगरावर धडक देणं हा वेडेपणा आहे, वळसा घालून जाऊ. पण धडकच द्यायची असेल, तर वरची इमारत आधी पाडा. त्या मठाची पक्की माहिती सैन्याकडे नव्हती. टकरने चक्क नेपल्समधली पुस्तकांची दुकानं धुंडाळायला लावली आणि १८७९ सालच्या एका पुस्तकात मठाच्या जाडजूड भिंतींचं वर्णन मिळालं! पुढे टकर आजारी पडला, निर्णय वरच्या पातळीवर झाला आणि शेकडो टन बाँब पडले.

वाईट भाग आता. बाँब पडले तेव्हा मठात जर्मन सैनिक नव्हते. आत होते भिक्षू आणि आसऱ्याला आलेले आसपासचे सामान्य लोक. त्यातले बरेच जण मेले. आणि बाँबफेकीच्या वेळी खालच्या भारतीय डिव्हिजनची पूर्ण ताकदीने लगेच चढाई करायची तयारीच झालेली नव्हती. विमानवाल्यांचं आणि पायदळाचं वेळापत्रक जुळलं नाही. त्यानंतर जर्मन छत्रीधारी सैनिक ढिगाऱ्यात शिरून बसले. उभ्या इमारतीपेक्षा पडलेल्या इमारतीत लपायला जास्त जागा असते. दोन-तीन दिवसांनी राजपुताना रायफल्स आणि गुरखा पलटणी काटेरी झुडपांतून रात्री वर चढल्या आणि प्रचंड नुकसान सोसून मागे आल्या. मार्चमध्ये गुरखा सैनिक मठाच्या अगदी खालच्या 'हँगमन्स हिल' या उंचवट्यावर पोचले आणि कित्येक दिवस तिथे अडकून राहिले. अन्न, पाणी आणि दारूगोळा त्यांना विमानातून टाकला जात होता. कठड्यावरून तो उंचवटा बघा. इतका जवळ आहे की आपल्याला वाटतं, अरे, एवढंच तर राहिलं होतं!

शेवटी १८ मे १९४४ ला मठाच्या ढिगाऱ्यावर झेंडा फडकला तो पोलंडचा.

बहुतेक प्रवासी मठ बघून झाला की पोलिश दफनभूमीत जातात, कारण ती मठाच्या जवळच आहे. डोंगरउतारावर हजाराहून जास्त कबरी आहेत. पोलंडहून बसगाड्या भरून लोक येतात, शाळेची मुलं येतात, मेणबत्त्या लावतात, लाल-पांढऱ्या फिती बांधतात. त्यांचा सेनापती जनरल अँडर्स १९७० मध्ये लंडनला वारला, तोही इथेच आपल्या सैनिकांमध्ये पुरला गेला. कारण हे सैनिक जिंकले, पण त्यातल्या अनेकांना परत जायला घर उरलं नाही. ज्या पूर्व पोलंडमधून ते आले होते, तो भाग युद्धानंतर सोव्हिएत संघाकडे गेला.

आणि आता नकाशा जरा कोल्हापूरकडे सरकवा. याच पोलिश लोकांना १९४० च्या सुमारास सोव्हिएत सत्तेने घरातून उचलून सायबेरिया आणि मध्य आशियात नेलं होतं. सुटका झाल्यावर पुरुष अँडर्सच्या फौजेत गेले, आणि बायका-मुलं इराणमार्गे जगभर विखुरली. त्यातले सुमारे ५,००० जण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आले. १९४३ ते १९४८ तिथे त्यांची छावणी होती. शाळा, चर्च, दुकानं, सगळं. आज आपण त्या भागाला गांधीनगर म्हणतो आणि तिथे कपडे घ्यायला जातो. म्हणजे १९४४ च्या मे महिन्यात वळिवड्याच्या बराकीत एखादी आई इटलीहून येणाऱ्या पत्राची वाट बघत होती, आणि त्याच वेळी रायगड, सातारा, नगरच्या खेड्यांत एखादी आई तशाच, इटलीहूनच येणाऱ्या पत्राची वाट बघत होती. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

आता खाली उतरूया. शहराच्या कडेला कॉमनवेल्थ दफनभूमी आहे. ४,२७१ सैनिकांच्या नोंदी, एकसारख्या पांढऱ्या शिळा, कापलेली हिरवळ, आणि मागे डोक्यावर तोच मठ. या दफनभूमीत भारतीयही आहेत. कॉमनवेल्थ दफनभूमींत हिंदू सैनिकांच्या शिळांवर देवनागरीत 'ॐ भगवते नमः' कोरलेलं असतं. परदेशात, इटालियन पाट्यांच्या गर्दीत, अचानक आपली लिपी वाचता येणं ही साधी गोष्ट नाही. मध्यभागी 'कॅसिनो मेमोरियल' आहे. इटलीच्या मोहिमेत मेलेल्या, पण ज्यांची कबर कुठे आहे हे कळलंच नाही, अशा ४,००० हून अधिक जणांची नावं तिथे आहेत.

त्यात एक नाव आहे नाईक यशवंत घाडगे यांचं. वय २२, मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, गाव रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात. ते कॅसिनोला मेले नाहीत. १० जुलै १९४४ ला, इथून बरंच उत्तरेला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. ठाणं निकामी केलं आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो घ्यायला त्यांची पत्नी गेली. देह सापडला नाही, म्हणून नाव इथे. टायबरच्या त्या भागातल्या माँटोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं. त्यावरच्या लॅटिन वाक्याचा अर्थ आहे, आपण सगळे एकाच सूर्याखाली. कोकणात जाताना मुंबई-गोवा हायवेवर माणगाव लागतं. तिथे त्यांचा पुतळा आहे. आपण ट्रॅफिकला शिव्या देत त्याच्या जवळून जातो.

इटलीत एकूण ५,७८२ भारतीय सैनिक मेले. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांचे.

आता अवघड प्रश्न. हे लोक लढले कोणासाठी? झेंडा ब्रिटिशांचा होता. १९४२ मध्ये 'चले जाव' झालं होतं. १९४३ पासून साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं, आणि त्याच साताऱ्यातली पोरं मराठा पलटणीत भरती होत होती. पोलंडचे लोक त्या डोंगरावर जातात तेव्हा त्यांच्यासाठी गोष्ट सरळ असते, आमची माणसं आमच्या देशासाठी मेली. आपली गोष्ट तितकी सरळ नाही. मला वाटतं, म्हणूनच आपण ती सांगायची टाळत आलो. स्वातंत्र्याच्या गोष्टीत हे सैनिक बसत नाहीत, आणि ब्रिटिशांच्या गोष्टीत ते एका आकड्यापुरते येतात. पण पगारासाठी गेलेला, पलटणीच्या इज्जतीसाठी लढलेला, फॅसिझमच्या पाडावात हातभार लावून गेलेला बावीस वर्षांचा पोरगा, हे सगळं एकाच माणसात असू शकतं. त्याला हुतात्मा म्हणायचं की भाडोत्री, हा वाद त्याच्या शिळेसमोर उभं राहिल्यावर फारच छोटा वाटतो. आधी नाव तरी वाचूया.

शहराबाहेर काईरा गावाजवळ जर्मन दफनभूमी पण आहे, २०,००० हून जास्त जणांची. वेळ असेल तर तिथेही जा. वयं वाचा. आपल्या कॉलेजच्या वर्गातली वयं आहेत.

एक उपयोगाची गोष्ट सांगून थांबतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर सैनिकांच्या नोंदी फुकट शोधता येतात. पलटणीचं नाव शोधताना 'मराठा' या शब्दाचं तेव्हाचं इंग्रजी स्पेलिंग टाका, 'Mahratta'. जिल्ह्याचं नाव शोधायचं तर रायगड नाही, कुलाबा टाकून बघा. अनेक नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही दिलेलं असतं. तुम्ही इटलीला जात असाल, तर निघण्याआधी आपल्या जिल्ह्यातलं एक नाव आणि त्याचा पॅनल नंबर मोबाइलमध्ये लिहून घ्या. तिथे पोचल्यावर ते शोधा, मोठ्याने वाचा, आणि दफनभूमीच्या भेटवहीत मराठीत दोन ओळी लिहून या.

इटलीचा प्लॅन नसेल तरी हरकत नाही, शोध घरबसल्या होतो. तुमच्या गावाचं किंवा शेजारच्या गावाचं नाव सापडलं, तर आम्हाला नक्की कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटूच!