विजापूरच्या आदिलशाही इमारती : पुऱ्या आणि अपुऱ्या

शहाजीराजे व अफजलखान यांच्या वृत्तांतामुळें विजापूरचें नांव मराठी वाचकांस परिचित आहे. हें शहर १९५६ पासून कर्नाटकांत असून २०१४ मध्यें त्याचें नांव विजयपूर झालें. तेथील इमारतींचा विचार आपल्याकडे बहुधा प्रवासवर्णनापुरताच होतो. वस्तुतः त्या कालानुक्रमानें लाविल्या असतां राज्याच्या भरभराटीचा व उतरणीचा एक स्वतंत्र पुरावा हातीं येतो. कोणती इमारत पुरी झाली व कोणती अपुरी राहिली, ही गोष्ट त्यांत विशेष महत्त्वाची होय.

इ. स. १५६५ मध्यें राक्षसतागडीच्या लढाईंत विजयनगरचा मोड झाला आणि पहिल्या अली आदिलशहास द्रव्याची अनुकूलता लाभली. सुमारें सहा मैल घेराचा शहराचा तट याच सुमारास पुरा झाला. जामी मशिदीचें काम त्याच्याच कारकीर्दींतलें. परंतु तिचे मिनार कधींच उभे राहिले नाहींत. तिच्या मिहराबावरील सोनेरी व रंगीत काम १६३६ मध्यें महंमद आदिलशहाच्या वेळीं झालें, तर पूर्वेकडील दरवाजा औरंगजेबाच्या काळचा आहे. तेव्हां अशा वास्तूस एकच सन देऊन भागत नाहीं.

दुसऱ्या इब्राहिमानें १५९९ मध्यें शहराच्या पश्चिमेस नवरसपूर वसविण्यास आरंभ केला. तें १६२४ मध्यें मलिक अंबरानें उद्ध्वस्त केलें. त्याच इब्राहिमाचा रोजा मात्र १६२६ च्या सुमारास पुरा झाला. बांधकामाशीं संबंधित मलिक संदल याचें नांव तेथील फारसी लेखांत कोरलेलें आहे. कबरीच्या ४० फूट चौरस दालनाचें छत मध्यभागीं अगदीं सपाट असून, दगडी तक्ते उत्तम चुन्याच्या बळावर एकमेकांस धरून राहिले आहेत.

महंमदशहानें (१६२७–१६५६) आपल्या कबरीसाठीं गोल घुमट बांधविला. आंतील दालन प्रत्येक बाजूस सुमारें १३५ फूट असून मध्यें एकही खांब नाहीं. एकमेकींस छेदणाऱ्या आठ कमानींनीं चौकोनाचें वर्तुळ साधलें आहे. घुमटाचा भार भिंतींस बाहेर रेटूं पाहतो. कमानींवरील आंत झुकलेलें वजनदार बांधकाम त्या रेट्यास तोलून धरतें. सुमारें १४४ फूट बाह्य व्यासाचा हा घुमट उभा राहण्याचें मर्म येथें आहे.

दुसऱ्या अलीनें (१६५६–१६७२) आपल्या कबरीसाठीं सुमारें २१५ फूट चौरसाचा चौथरा घातला. त्यावरील कमानी उभ्या राहिल्या, पण छत चढलें नाहीं. तीच आजची बारा कमान. त्याच्या कारकीर्दीकडे पाहिलें असतां या खंडाचें नवल वाटत नाहीं. १६५९ मध्यें अफजलखान पडला. पुढच्याच वर्षीं पन्हाळ्याचा वेढा चालविण्यासाठीं सिद्दी जौहरास पाठवावें लागलें. १६६५–६६ मध्यें मिर्झा राजा जयसिंग चालून आला, तेव्हां शत्रूस दाणापाणी मिळूं नये म्हणून अलीनें राजधानीभोंवतालचा मुलूख स्वतःच उजाड करविला व विहिरी बुजविल्या. याच वर्षांत, १६६४ ते १६६७ च्या दरम्यान, मालवणच्या समुद्रांत शिवाजीमहाराजांनीं सिंधुदुर्ग बांधून पुरा केला. एकीकडे थडगें, दुसरीकडे जलदुर्ग. दोहोंचें प्रयोजन भिन्न, म्हणून केवळ या तुलनेवरून मोठा सिद्धांत काढणें युक्त नव्हे. तथापि द्रव्य, मजूर व स्वस्थता यांचा ओघ कोणत्या दिशेस वळला होता, याचें सूचन त्यांतून खास होतें. १६८६ मध्यें सिकंदर आदिलशहा औरंगजेबास शरण गेला आणि राज्यच संपलें.

प्राचीन संस्कृत लेखांत ‘कीर्ति’ व ‘कीर्तन’ हे शब्द देवालयादि वास्तूंच्या अर्थींही येतात. राजाची कीर्ति म्हणजे त्याची इमारत, असा त्यांतील भाव. विजापुरीं अशी कीर्ति पुरी आणि अपुरी, दोन्ही रूपांनीं उभी आहे. पुऱ्या इमारतीवरून कारागिराचें सामर्थ्य कळतें. अपुऱ्या इमारतीवरून धन्याचा काळ कळतो. म्हणून कोणत्याही गांवच्या वास्तूंचें टिपण करतांना आरंभ, खंड व समाप्ति या तीनही गोष्टी अभ्यासकानें नोंदवाव्या.