किकबॉक्सिंगमधील रंगीत पट्टे : श्रेणी, गुणवत्ता आणि वाद

नवी दिल्ली : कराटे किंवा ज्यूदोच्या वर्गात पांढऱ्या पट्ट्याने सुरुवात करून काळ्या पट्ट्यापर्यंत पोहोचण्याचा क्रम सर्वपरिचित आहे. किकबॉक्सिंगच्या प्रशिक्षण वर्गांत मात्र याविषयी एकवाक्यता नाही. काही संस्था ठरावीक काळाने परीक्षा घेऊन पट्टे देतात, तर काहींच्या मते हातमोजे घालून रिंगणात उतरणे हीच खरी परीक्षा होय. शुल्क भरणारे पालक आणि सराव करणारी मुले यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ वेशभूषेचा नाही. पट्टा नेमके काय सिद्ध करतो, हा त्यातील मूळ मुद्दा आहे.

पट्ट्यांचा उगम

पट्ट्यांची पद्धत फार प्राचीन असल्याचा समज प्रचलित आहे. सरावाने मळत गेलेला पांढरा पट्टाच अखेर काळा होई, अशी कथाही सांगितली जाते. तिला इतिहासाचा आधार नाही. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियो येथे कोदोकान ही संस्था स्थापन केली आणि पुढील वर्षी आपल्या दोन शिष्यांना ‘दान’ ही श्रेणी दिली. श्रेणीची ही कल्पना ‘गो’ या पटावरील खेळातून घेतलेली होती. काळ्या पट्ट्याचा वापर त्यानंतर काही वर्षांनी सुरू झाला. गिचिन फुनाकोशी यांनी 1924 मध्ये कराटेमध्ये ‘दान’ श्रेणी देण्यास प्रारंभ केला.

पांढरा आणि काळा यांच्या मधले पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा आदी रंग मुख्यतः युरोपात रूढ झाले. पॅरिसमध्ये 1930 च्या दशकात ज्यूदो शिकवणारे मिकोनोसुके कावाइशी यांचे नाव या संदर्भात प्रामुख्याने घेतले जाते. प्रगती डोळ्यांना दिसावी आणि नवख्या विद्यार्थ्याचा उत्साह टिकावा, हा त्यामागील हेतू होता. तात्पर्य, पट्टा हे प्रथमपासूनच शिक्षणाचे साधन होते. लढाईतील विजयाचे ते चिन्ह नव्हते.

किकबॉक्सिंगचा दुहेरी वारसा

किकबॉक्सिंगमध्ये हा वाद उद्भवण्याचे कारण त्याच्या जन्मात आहे. जपानमध्ये 1960 च्या दशकात प्रवर्तक ओसामू नोगुची यांनी कराटे आणि थायलंडची मुए थाई यांच्या संयोगातून हा व्यावसायिक खेळ उभा केला. अमेरिकेत 1970 च्या दशकात कराटेपटूंनी पूर्ण ताकदीने प्रहार करण्याची मुभा असलेल्या लढती सुरू केल्या. त्यातील जो लुईस आणि बिल वॉलेस हे आरंभीचे विजेते कराटेच्या परंपरेतूनच आले होते. साहजिकच अशा खेळाडूंनी काढलेल्या शाळांत पट्टेही आले.

दुसरी परंपरा मुष्टियुद्ध आणि मुए थाई यांची आहे. मुष्टियुद्धात पट्टा मिळतो तो विजेत्याला, विद्यार्थ्याला नव्हे. मुए थाईमध्येही पारंपरिक पट्टाश्रेणी नाही. लढतीपूर्वी डोक्यावर आणि दंडावर बांधल्या जाणाऱ्या वस्तूंना धार्मिक व सांस्कृतिक अर्थ आहे. खेळाडूचे स्थान ठरते ते बँकॉकमधील राजदमनर्न आणि लुम्पिनी या क्रीडागृहांतील लढतींवरून. अलीकडे काही संस्थांनी दंडावरील रंगीत बंधांचा श्रेणीसाठी वापर सुरू केला असला, तरी ती आधुनिक भर आहे.

अनुकूल युक्तिवाद

पट्ट्यांच्या समर्थकांचा पहिला मुद्दा अभ्यासक्रमाचा आहे. श्रेणी ठरलेली असली की पवित्रा, पदन्यास, बचाव, सरळ ठोसा, गोलाकार लाथ यांचा क्रमही ठरतो आणि प्रशिक्षक बदलला तरी शिक्षणात खंड पडत नाही. दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. सरावाच्या लढतीत कोणाची जोडी कोणाशी लावावी आणि डोक्यावर प्रहार करण्याची परवानगी कोणाला द्यावी, हे श्रेणीवरून ठरवणे सोपे जाते. तिसरा मुद्दा असा की, वर्गात येणारे बहुसंख्य जण स्पर्धक नसतात. व्यायामासाठी येणारी गृहिणी, नोकरदार किंवा दहा वर्षांचे मूल यांना रिंगणाबाहेरही प्रगतीचा काही मापदंड हवा असतो.

प्रतिकूल युक्तिवाद

विरोधकांच्या मते, हवेत किंवा पॅडवर अचूक लाथ मारणे आणि प्रतिकार करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे तीच लाथ साधणे यांत मोठे अंतर आहे. प्रत्यक्ष सराव लढतीशिवाय मिळालेला काळा पट्टा खोटा आत्मविश्वास देतो. स्वसंरक्षणासाठी शिकणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका अधिक गंभीर ठरतो.

दुसरा आक्षेप आर्थिक आहे. प्रत्येक परीक्षेसाठी, पट्ट्यासाठी आणि प्रमाणपत्रासाठी वेगळे शुल्क असल्यास श्रेणींची संख्या वाढवण्याचा मोह निर्माण होतो. विद्यार्थ्याला अनुत्तीर्ण करणे संस्थेला परवडत नाही आणि मग परीक्षा हा केवळ उपचार उरतो. शिवाय सर्व किकबॉक्सिंग शाळांना बंधनकारक असा एकच श्रेणीक्रम नसल्याने एका संस्थेचा निळा पट्टा दुसऱ्या संस्थेच्या निळ्या पट्ट्याइतकाच असेल, याची शाश्वती नसते.

स्पर्धेचे निकष

हौशी किकबॉक्सिंगची प्रमुख जागतिक संघटना ‘वाको’ 1976 मध्ये स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने तिला 2018 मध्ये तात्पुरती आणि 2021 मध्ये पूर्ण मान्यता दिली. तिच्या स्पर्धांत पॉइंट फायटिंग, लाइट कॉन्टॅक्ट, फुल कॉन्टॅक्ट, लो किक आदी प्रकार असून लढतींचे गट प्रामुख्याने वय, लिंग आणि वजन यांवरून पडतात. जम्मू-काश्मीरमधील बांदीपोरा जिल्ह्याची तजामुल इस्लाम 2016 मध्ये इटलीत आणि 2021 मध्ये इजिप्तमध्ये आपल्या वयोगटात विश्वविजेती ठरली. तिची ओळख या पदकांनी झाली, पट्ट्याच्या रंगाने नव्हे.

पालकांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. संस्थेने दिलेले पट्ट्याचे प्रमाणपत्र आणि मान्यताप्राप्त स्पर्धेतील प्रावीण्याचे प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी विहित क्रीडाप्रकार व स्पर्धांतील कामगिरी विचारात घेतली जाते. केवळ काळा पट्टा हाती असणे त्यासाठी पुरेसे नाही.

मधला मार्ग

या वादावर फ्रान्सच्या ‘सावात’ या लाथा-ठोशांच्या खेळाने एक तोडगा काढलेला दिसतो. तेथे पट्ट्याऐवजी हातमोज्यांच्या नावाने श्रेणी दिल्या जातात : निळा, हिरवा, लाल, पांढरा, पिवळा आणि पुढे रुपेरी. वरच्या स्तरावर तांत्रिक प्रावीण्य आणि स्पर्धेतील प्रावीण्य यांची स्वतंत्र नोंद होते. त्यामुळे उत्तम तंत्र असलेल्या, पण न लढणाऱ्या व्यक्तीचा सन्मान राहतो आणि लढणाऱ्याच्या अनुभवाशी त्याची गल्लतही होत नाही. ब्राझिलियन जिउ-जित्सूने पट्टे कायम ठेवले. मात्र तेथे पूर्ण प्रतिकाराचा सराव नित्याचा असतो आणि काळ्या पट्ट्यापर्यंत पोहोचण्यास बहुधा दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. दोष पट्ट्याचा नसून तो देण्याच्या निकषांचा असतो, हेच यावरून दिसते.

प्रवेश घेण्यापूर्वी काही गोष्टींची विचारणा करणे म्हणूनच हितावह ठरते. प्रत्येक श्रेणीचा अभ्यासक्रम लेखी आहे काय? दोन परीक्षांमध्ये किमान किती महिन्यांचे अंतर असते? वरच्या श्रेणीसाठी संरक्षक साधनांसह सराव लढत अनिवार्य आहे काय? काळ्या पट्ट्यापर्यंतचा एकूण खर्च आधी सांगितला जातो काय? आणि परीक्षेत कोणी अनुत्तीर्ण होते काय? या प्रश्नांची स्पष्ट उत्तरे मिळणाऱ्या शाळेत पट्टा हा शिक्षणाचा टप्पा ठरतो. ती मिळत नसतील, तर पट्टा ही केवळ विकत घेतलेली वस्तू उरते.