दोन जर्मनींचा वाळूबुवा



स्मृतिव्याख्यानासाठी मी एका बाहुल्याचा इतिहास निवडला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. राजे, लढाया आणि तह यांना इतिहासात हक्काची जागा असते. मुलांना झोपविणाऱ्या बाहुल्याला सहसा नसते. परंतु मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, तो ज्या राज्यात जन्मला ते पूर्व जर्मनीचे राज्य १९९० साली नकाशावरून नाहीसे झाले, आणि तो मात्र आजही रोज संध्याकाळी जर्मन दूरचित्रवाणीवर येतो. हे कसे घडले, एवढाच माझा प्रश्न आहे.

युरोपात एक जुनी समजूत आहे. रात्री एक बुवा येतो, मुलांच्या डोळ्यांत चिमूटभर वाळू टाकतो, आणि मुले झोपी जातात. जर्मन लेखक हॉफमान याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या वाळूबुवाला डोळे काढून नेणारा राक्षस केले. डेन्मार्कच्या अँडरसनने १८४१ साली त्याला गोष्टी सांगणारा प्रेमळ पाहुणा बनविले. दूरचित्रवाणीने उचलला तो सुदैवाने अँडरसनचा.

१९५९ साली बर्लिनची भिंत उभी राहायची होती, पण शहर दोन सत्तांत वाटले गेले होते. पश्चिम बर्लिनच्या दूरचित्रवाणीत मुलांचे कार्यक्रम पाहणाऱ्या इल्झे ओब्रिग यांनी वाळूबुवाची बाहुली पडद्यावर आणण्याचे ठरविले. ही बातमी पूर्वेकडे पोहोचली आणि तेथे एकच धावपळ उडाली. गेरहार्ट बेरेंट या कलावंताने सुमारे दोन आठवड्यांत बाहुला घडविला. वोल्फगांग रिश्टर याने काही तासांत गाण्याला चाल लावली. २२ नोव्हेंबर १९५९ रोजी पूर्वेचा वाळूबुवा पडद्यावर आला. पश्चिमेचा आला १ डिसेंबरला. नऊ दिवसांची ही आघाडी निव्वळ ईर्ष्येपोटी मिळविलेली होती, हे मान्य केलेच पाहिजे.

बेरेंटचा बाहुला जेमतेम वीतभर उंचीचा. टोकदार टोपी, हनुवटीवर पांढरी दाढी. त्याला दोऱ्या नव्हत्या. त्याचा हात किंचित हलवायचा, एक चित्र घ्यायचे, पुन्हा किंचित हलवायचा, अशा रीतीने त्याची चाल तयार होई. काही सेकंदांच्या दृश्यासाठी शेकडो चित्रे लागत. तो आरंभी येई, मधे एखादी छोटी गोष्ट होई, आणि शेवटी तो वाळू उधळून निघून जाई. पहिल्या भागाच्या अखेरीस मात्र तो स्वतःच रस्त्याच्या कोपऱ्यावर झोपी गेला. त्यावर मुलांची पत्रे आली: आमच्याकडे ये, आमच्या अंथरुणात झोप! सरकारने प्रतिस्पर्ध्याला हरविण्यासाठी केलेली वस्तू मुलांनी अशी पहिल्याच दिवशी आपल्या घरी नेली.

सरकारने तिचा उपयोग करून घेतला नाही असे नाही. वाळूबुवा कधी बालवीरांच्या शिबिरात जाई, कधी सैनिकांना भेटे, कधी अग्निबाणात बसे. १९७८ साली पूर्व जर्मनीचा अंतराळवीर झिगमुंड येन याने त्याची बाहुली खरोखरच अंतराळात नेली. सोव्हिएत सहकारी बिकोव्स्की याने माशा नावाची बाहुली आणली होती. दोघांनी तेथे गमतीने त्यांचे लग्न लावले. (याच आंतरराष्ट्रीय मोहिमेतून १९८४ साली आपले राकेश शर्मा गेले.) मुलांची सत्ता याहून वेगळी होती. १९६२ साली गोष्टींच्या भागात पिटीप्लाच नावाचा काळा, गुबगुबीत, उद्धट बाहुला आला. मोठ्यांना तो वाईट वळणाचा वाटला म्हणून काढून टाकण्यात आला; मुलांनी हट्ट धरला आणि त्याच वर्षी नाताळात तो परत आला.

माझ्या मते वाळूबुवा टिकला याचे एक कारण अगदी साधे आहे: तो बोलत नाही. घोषणा द्यायला त्याला तोंडच नव्हते. त्याच्या भोवतीचा देखावा राज्याचा होता, वाहने राज्याची होती. पण निजण्याच्या वेळी येणे आणि जाणे एवढेच त्याचे स्वतःचे काम, आणि त्यात कोणाला काही भरता आले नाही.

पश्चिमेतला वाळूबुवा १९८९ च्या वसंतात बंद करण्यात आला. त्याच नोव्हेंबरात भिंत पडली. पुढे जर्मनी एक झाली आणि १९९१ अखेर पूर्वेची दूरचित्रवाणी मिटली. तिच्याबरोबर वाळूबुवाही जाणार, अशी बोलवा उठताच आईबापांनी निषेधाची पत्रे धाडली. हे आईबाप म्हणजे त्याच्याच वाळूने निजलेली पूर्वीची मुले. नव्या प्रादेशिक दूरचित्रवाणी संस्थांनी कार्यक्रम चालू ठेवला. १९९७ पासून तो देशभरच्या मुलांच्या वाहिनीवर दिसतो. त्यामुळे आज हॅम्बुर्ग किंवा म्युनिकमधले मूल संध्याकाळी ज्याची वाट पाहते, तो बेरेंटचाच वाळूबुवा आहे.